लहान हातांसाठी कॉम्पॅक्ट पिस्तूल: नेमके काय पाहावे?

चांदणवेल
शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

गेले आठ महिने नेमबाजी शिकते आहे. सुरुवात .२२ च्या (बारीक, सौम्य काडतुसाच्या) पिस्तुलावर झाली, तिथे काहीच अडचण आली नाही. आता ९ मिमीच्या मोठ्या काडतुसाकडे वळले आणि माझे हात आडवे आले.

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात १६ सेंटिमीटर भरतो. क्लबचे पूर्ण आकाराचे पिस्तूल नीट धरले की तर्जनीचे जेमतेम टोक ट्रिगरला टेकते. बोट पोचावे म्हणून मी नकळत पिस्तूल हातात थोडे वळवून घेते. मग बोट पोचते, पण प्रत्येक गोळीचा धक्का अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर बसतो. मागच्या रविवारी पन्नास गोळ्या झाडल्या आणि पुढचे दोन दिवस भरलेली बादली उचलवेना.

सगळे म्हणतात, हात लहान आहेत तर सगळ्यात छोटे पिस्तूल घे. तेही करून पाहिले. ओळखीच्या एकांकडे ३ इंची नळीचे, अगदी हलके पिस्तूल होते. त्याची मूठ हातात छान मावली, पण करंगळी हवेत लोंबत होती आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे सरकणारा भाग) ओढताना अक्षरशः घाम फुटला. पाचव्या गोळीनंतर मी डोळे मिटून ट्रिगर दाबते आहे हे माझे मलाच कळले.

मोठे झेपत नाही आणि छोटे सोसत नाही, मग पाहायचे काय? उपयोग रेंजवरचा सराव आणि क्लबच्या स्पर्धा एवढाच. परवान्याचे नियम ज्याच्या त्याच्या ठिकाणचे, त्यात इथे शिरायला नको. हात आणि हत्यार जुळण्यावर अनुभवी लोकांनी लिहावे ही विनंती.

एक_वाचक
शनिवार, रात्री ९:५२

चांगला विषय. लहान हात म्हणजे लहान पिस्तूल, इतके सरळ गणित असेल असे मीही धरून चाललो होतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

नेमधर
शनिवार, रात्री ११:०५

चांदणवेल, लक्षणे तुम्ही इतकी नेमकी सांगितलीत की माझे काम हलके झाले.

पिस्तूल मोठे वाटते तेव्हा ते कुठे मोठे आहे हे आधी वेगळे काढायला हवे. लांबी, उंची, वजन, मुठीचा घेर, आणि मुठीच्या पाठीपासून ट्रिगरपर्यंतचे अंतर, या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. कॉम्पॅक्ट हा शब्द पहिल्या दोघींबद्दल बोलतो. तुमची अडचण शेवटच्या दोघींची आहे.

उदाहरण घ्या. ग्लॉक १७ पूर्ण आकाराचे, १९ कॉम्पॅक्ट, २६ त्याहून छोटे. नळी आखूड होत जाते, मूठ खालून कापल्यासारखी बुटकी होत जाते. पण तिन्हींत ट्रिगरपर्यंतचे अंतर तेच आहे. १७ ठेवून २६ घेतलेत तर तुमची तर्जनी एक मिलिमीटरही पुढे सरकणार नाही, वर करंगळीची जागा जाईल. लहान हातांच्या लोकांना सगळ्यात छोटे घ्या असे सांगणाऱ्यांचे हेच चुकते, आणि त्याचा भुर्दंड नवशिक्याच्या मनगटाला बसतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण अशा पहिल्या अनुभवानंतर नेमबाजी सोडून दिलेले लोक मी पाहिले आहेत.

आता तपासायचे कसे. पिस्तूल रिकामे, मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) डोळ्यांनी पाहिलेले आणि बोट घालून चाचपलेले, नळी सुरक्षित दिशेला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या पाठीवर जितकी वर जाईल तितकी वर बसवा. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. हे झाल्यावरच बोटाकडे वळा. बहुतेकजण आधी ट्रिगरवर बोट ठेवतात आणि मग उरलेला हात कसाबसा गुंडाळतात. तुम्ही जे वळवून घेता ते यातूनच येते.

मूठ न हलवता तर्जनी ट्रिगरवर आणा. पहिल्या पेराचा मऊ भाग, म्हणजे नखाच्या बरोबर मागचा भाग, ट्रिगरच्या मध्यावर आला तर अंतर जुळले. डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा (हॅमर) मागे नेऊन सोडणारा, जड आणि लांब ट्रिगर असेल तर पहिल्या सांध्याच्या घडीपर्यंत बोट आत गेलेले बरे, म्हणजे तिथे आणखी लांब बोट लागते. नुसते टोक टेकत असेल तर ट्रिगर सरळ मागे येत नाही, तिरका ढकलला जातो. तुम्ही उजव्या हाताच्या असाल तर तुमचे मारे डावीकडे जात असणार. बरोबर?

उलट बाजूही पाहा. मुठीभोवती बोटे इतकी वळली की टोके तळहाताच्या गादीत रुतू लागली, तर ती मूठ तुम्हाला बारीक आहे. बोटांची टोके आणि ती गादी यांच्यामध्ये मोकळी जागा उरायला हवी, कारण दुसऱ्या हाताचा तळवा तिथेच बसतो.

चांदणवेल
रविवार, सकाळी ७:३०

नेमधर काका, मारे डावीकडे आणि थोडे खाली, अगदी तसेच. आजवर मला वाटत होते की माझा डोळाच चुकतो आहे. मनापासून आभार. आज क्लबमध्ये पट्टी घेऊन जाते.

रानपाखरू
रविवार, सकाळी १०:१५

मी पुरुष, माझाही हात जेमतेम १७ सेंटिमीटरचा. पहिली दोन वर्षे हे कुणाला बोललोच नाही. रेंजवर सगळे ज्याने नेम धरतात त्यानेच आपणही धरायचे, असे मानून चुकीच्या पकडीवर हजारो गोळ्या घालवल्या. ती सवय मोडायला पुढे वर्ष गेले. म्हणून तुम्ही आठव्या महिन्यात विचारलेत याचे मला फार बरे वाटले.

या अडचणीत कमीपणा मानण्यासारखे काही नाही, कारण ती सैन्यांनाही आली होती. अमेरिकी सैन्याचे १९११ पिस्तूल पहिल्या महायुद्धात वापरले गेले आणि आखूड बोटांच्या सैनिकांना ट्रिगर लांब पडतो असे दिसले. १९२० च्या दशकात त्यात बदल करून १९११ए१ हे रूप आले. ट्रिगर आखूड केला, आणि ट्रिगरच्या मागे फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खोलगट चंद्रकोरी कोरल्या, म्हणजे बोटाला जाताना अडथळा नको. ते कोरलेले भाग आजही त्या घडणीच्या पिस्तुलांवर दिसतात.

मी स्वतः शेवटी १९११ च्याच घडणीवर स्थिरावलो, ९ मिमीमध्ये. मॅगझिनमध्ये काडतुसांची एकच रांग असल्याने मूठ चपटी राहते, आणि आखूड ट्रिगर वेगळा मिळतो. ट्रिगर मागे सरळ सरकतो, बिजागरीवर फिरत नाही, त्यामुळे अर्धवट पोचलेले बोटही तेवढे नुकसान करत नाही. वजन मात्र किलोच्या आसपास. माझ्या मनगटाला ते मानवले, चांदणवेल ताईंना मानवेल असे मी म्हणणार नाही.

पितळी_किल्ली
रविवार, दुपारी १:४०

वजनाचा विषय निघाला आहे तर थोडे आकडे मांडतो. छोटे पिस्तूल का सोसत नाही ते त्यातून दिसेल.

९ मिमीची सर्वसाधारण गोळी १२४ ग्रेनची, म्हणजे ८ ग्रॅमची. ती नळीतून सुमारे ३५० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. जेवढा संवेग गोळीला, तेवढाच उलट दिशेने पिस्तुलाला. दारूच्या वायूंचा वाटा सोडून दिला तर ५०० ग्रॅमच्या पिस्तुलात सुमारे ७.८ ज्यूल ऊर्जा येते, ७०० ग्रॅमच्या पिस्तुलात ५.६, आणि ९०० ग्रॅमच्यात ४.४. काडतूस तेच, हात तोच. नुसते ४०० ग्रॅम कमी केले की धक्का पावणेदोन पटींच्या वर जातो. त्यात छोट्या पिस्तुलाची मूठ बुटकी, म्हणजे तो धक्का पेलायला हाताची जागाही कमी.

स्लाइडचेही तसेच. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी आणि तिला मागे सरकायला जागा कमी. एवढ्याशा अंतरात तिला आवरायचे तर स्प्रिंग कडक लागते. चांदणवेल यांना घाम फुटला तो हात कमजोर म्हणून नव्हे. पूर्ण आकाराच्या पिस्तुलाची स्लाइड बऱ्याचदा मऊ असते.

आणखी एक गैरसमज. .३८० चे काडतूस ९ मिमीपेक्षा सौम्य, म्हणून .३८० चे कुठलेही पिस्तूल सोपे असेल असे लोक धरून चालतात. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या घडणीत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या नसतात. गोळी सुटताना स्लाइडला थोपवतात ते फक्त तिचे वजन आणि स्प्रिंग. म्हणून ती स्प्रिंग जबरदस्त असते, आणि धक्काही टोचल्यासारखा लागतो. याउलट २०२२ साली आलेले सिग सॉअर पी३६५-३८० हे अडकणाऱ्या घडणीचे आहे, आणि ते बोटांवर खरोखर सौम्य आहे. नुसत्या काडतुसाच्या नावावर जाऊ नका, आत यंत्र कोणते आहे ते विचारा.

सांजवात
रविवार, संध्याकाळी ६:२०

माझे वय एकसष्ट. दोन्ही हातांच्या बोटांना संधिवात. हात लहान तर आहेतच. तरी मी आठवड्यातून एकदा रेंजवर जाते, म्हणून लिहायचे धाडस करते आहे.

स्लाइड ओढायची नसते, हे मला शिकायला तीन वर्षे लागली. चिमटीत धरून मागे ओढायला गेले की माझी बोटे पाच मिनिटांत सुजायची. मग एका प्रशिक्षक बाईंनी पकडच बदलून दिली. पिस्तूल छातीजवळ घ्यायचे, नळी समोर लक्ष्याकडे, तर्जनी ट्रिगरपासून बाहेर. डावा पंजा वरून स्लाइडच्या मागच्या खाचांवर ठेवायचा, चारही बोटे आणि तळवा यांत स्लाइड घट्ट धरायची. आणि डावा हात जागच्या जागी ठेवून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचे. खांदा आणि छाती कामाला लागतात, बोटे नाहीत. दोन गोष्टी सांभाळा. काडतूस बाहेर पडायच्या खिडकीवर हात येऊ देऊ नका. आणि जोर लावताना नळी आडवी शेजाऱ्याकडे वळते, ती वळू देऊ नका. रेंजवर हीच चूक मी सर्वांत जास्त पाहते, आणि तिची मला भीती वाटते.

स्लाइड मागे अडकवून ठेवणे त्याहून अवघड, कारण त्याच वेळी अंगठ्याने खटका वर दाबायचा असतो आणि लहान हाताचा अंगठा तिथवर जात नाही. त्याला सोपा उपाय आहे. रिकामे मॅगझिन घालून स्लाइड मागे न्या. बहुतेक पिस्तुलांत मॅगझिनच खटका वर उचलते आणि स्लाइड आपोआप मागे थांबते. मग मॅगझिन काढून चेंबर तपासा.

बाहेर घोडा असलेल्या पिस्तुलात, काडतूस नसताना, आधी अंगठ्याने घोडा मागे करून घेतला की स्लाइड पुष्कळ हलकी जाते. घोड्याच्या स्प्रिंगचा भार निघून जातो.

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझी आहे. ते .३८० मध्ये २०१८ साली आले, ९ मिमीमध्ये २०२० साली. आत लपलेला घोडा आहे, त्यामुळे स्लाइडची स्प्रिंग मऊ ठेवता आली आहे. मॅगझिनला खाली ओढायची बारीक कळ आहे, काडतुसे भरताना अंगठा सोलवटत नाही. आठ काडतुसे मावतात, मला तेवढी पुरतात. मुठीच्या पाठीवर दाबून धरायची सुरक्षा कळ आहे, ती पूर्ण दाबली गेली तरच गोळी सुटते. बेचकी वर बसली नाही तर ती अर्धी राहते. म्हणजे पुन्हा नेमधर म्हणतात तीच पकड.

एक_वाचक
रविवार, संध्याकाळी ७:०५

सांजवात ताई, फार उपयोगी प्रतिसाद. धागा वाचनखुणेत साठवला. एक शंका: स्लाइडचाच त्रास असेल तर रिव्हॉल्व्हर का नको? लहान मूठ, ओढायला काही नाही.

नेमधर
रविवार, रात्री ८:३०

विचार चुकीचा नाही, पण ओझे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. रिव्हॉल्व्हरच्या डबल ॲक्शन ट्रिगरला साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, तोही लांब अंतरभर. आजच्या बहुतेक स्ट्रायकरवाल्या (घोड्याऐवजी आत सरकणारी सुई असलेल्या) पिस्तुलांना अडीच किलोच्या आसपास. स्लाइड दोन्ही हातांनी आणि खांद्याने हाताळता येते, ट्रिगर एकाच बोटाने. पाच खणांचे हलक्या मिश्रधातूचे .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर ४२० ग्रॅमच्या आसपास असते. वर पितळी_किल्लींनी मांडलेले गणित त्याला लावून पाहा. नवशिक्याने सरावासाठी ते घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. पोलादी चौकटीचे आणि रबरी मुठीचे असेल तर निराळी गोष्ट.

डावखुरा
रविवार, रात्री ९:४५

ट्रिगर आणि स्लाइड झाले, खटक्यांवर कुणी बोलले नाही. लहान हाताला मॅगझिन सोडायचे बटणही लांब पडते. अंगठा पोचवायला पकड सुटते आणि नळी भलतीकडे जाते. मी डावरा असल्याने हे मला लवकर कळले. अनेक पिस्तुलांत ते बटण दुसऱ्या बाजूला बसवता येते (ग्लॉकमध्ये चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१० पासून). मग अंगठ्याऐवजी तर्जनीने किंवा मधल्या बोटाने दाबायचे. हेकलर अँड कॉखच्या व्हीपी९ वर ट्रिगर गार्डच्या मागच्या टोकाला दोन्हीकडे पाती दिली आहेत. लहान हातांच्या उजव्या लोकांनीही हे करून पाहावे.

पितळी_किल्ली
रविवार, रात्री १०:२०

डावखुरा, अनुमोदन. व्हीपी९ चा विषय आलाच आहे म्हणून: २०१४ च्या त्या पिस्तुलाबरोबर मुठीच्या तीन पाठी आणि दोन्ही कुशींना तीन-तीन पट्ट्या येतात. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस तऱ्हा. डावी कूस बारीक आणि उजवी जाड असेही चालते. मूठ बदलायची सोय आता पुष्कळ ठिकाणी आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. काही पिस्तुलांत लहान पाठीमुळे फक्त तळव्याखालचा फुगवटा कमी होतो, वरच्या टोकाशी ट्रिगरपर्यंतचे अंतर तेवढेच राहते. ग्लॉकच्या चौथ्या पिढीत मूळ फ्रेमच आधीपेक्षा २ मिमीने आखूड केली, आणि वरून लावायच्या पट्ट्या अंतर २ किंवा ४ मिमीने वाढवतात. म्हणजे लहान हाताने पट्टी काढून टाकायची. दोन मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण बोटाचे टोक आणि पेराचा मध्य यांत फरक किती असतो ते आपल्याच बोटावर मोजून पाहा.

चांदणवेल
सोमवार, रात्री ९:००

काल क्लबमध्ये पट्टी घेऊन बसले. आमच्या शिकवणाऱ्या सरांनी पाच पिस्तुले रिकामी करून, तपासून टेबलावर मांडून दिली आणि स्वतः शेजारी बसून राहिले.

मुठीच्या पाठीवर बेचकी बसते तिथून ट्रिगरच्या मध्यापर्यंत मोजले. ज्या डबल ॲक्शन पिस्तुलाने माझा अंगठा दुखावला त्याचे अंतर पहिल्या ओढीसाठी ७५ मिमी भरले. घोडा मागे केल्यावर ट्रिगरही मागे सरकतो, तेव्हा बरेच कमी. म्हणजे पहिली गोळी वाईट आणि पुढच्या ठीक का जातात, याचेही उत्तर मिळाले. माझे बोट पेराच्या मध्यावर येते ते साधारण ६६ मिमीपर्यंत. ६८ ला चालवून नेता येते. ७० च्या पुढे मी फसवाफसवी सुरू करते.

आश्चर्य म्हणजे पाचांतले सर्वांत जाड दिसणारे पिस्तूल या मापात दुसरे आले. आणि एक चपटे, सडपातळ, ज्याच्याकडे मी आशेने पाहत होते, ते चौथे. चपटेपणा बाजूंचा असतो आणि बोटाला लागते ती लांबी पाठीपासूनची, हे मोजल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरले नसते.

आता पुढे काय करू? पुढच्या शनिवारी तीन पिस्तुले झाडून पाहायला मिळणार आहेत. त्यांत वॉल्थर पीडीपीची एफ आवृत्ती आहे. ती मुद्दाम लहान हातांसाठी केली आहे असे ऐकले.

नेमधर
सोमवार, रात्री १०:१०

उत्तम काम केलेत. हे माप स्वतःच्या हाताचे म्हणून वहीत लिहून ठेवा, जन्मभर उपयोगी पडेल.

पीडीपी एफ २०२२ साली आली. मुठीचा घेर कमी, ट्रिगर जवळ, आणि स्लाइड ओढायचा जोर मूळ पीडीपीपेक्षा २० टक्क्यांनी कमी, असे बनवणाऱ्यांनी सांगितले आहे. स्लाइडवरच्या खाचाही उठावदार आहेत, ओल्या हातालाही पकड मिळते. तिला केवळ बायकांचे पिस्तूल समजून पुरुष टाळतात ते बरे नाही. रानपाखरू, तुम्हीही एकदा धरून पाहा.

शनिवारसाठी माझी पद्धत सांगतो. प्रत्येक पिस्तुलात पहिल्या खेपेला मॅगझिनमध्ये एकच काडतूस. हात नवा आणि पिस्तूल हलके असेल तर धक्क्याने पकड सुटून बोट पुन्हा ट्रिगरवर आदळते आणि नकळत दुसरी गोळी सुटू शकते. एकच काडतूस असले तर तो धोकाच नाही. पाचसहा वेळा एकेक झाडा, मग दोन, मग पाच.

पाच झाडताना लक्ष्याकडे नव्हे, हाताकडे लक्ष ठेवा. पहिल्या गोळीनंतर मूठ पुन्हा जुळवून घ्यावी लागते का? लागत असेल तर पिस्तूल तुमच्या हातात बसलेले नाही, मारे कितीही जवळ पडोत. स्लाइड मध्येच अडकली किंवा टरफल फसले तर लगेच पिस्तुलाला दोष देऊ नका. हलक्या चौकटीला मनगटाचा भक्कम आधार मिळाला नाही तर स्लाइडला पूर्ण मागे जायला टेकू मिळत नाही. ते तुमच्या मनगटाबद्दलही काही सांगत असते.

काडतुसे जादा दाबाची घेऊ नका. १४७ ग्रेनची संथ गोळी मिळाली तर तीही करून पाहा, तिचा धक्का बऱ्याच जणांना टोचण्याऐवजी ढकलल्यासारखा लागतो. आणि कानांवर दुहेरी संरक्षण घ्या, आत बोळे आणि वर मफ. बऱ्याचदा दचकणे हाताचे नसते, कानाचे असते.

रानपाखरू
मंगळवार, सकाळी ८:४०

नेमधर, पाहतो नक्की.

एक विचारायचे होते. मूठ घासून बारीक करून घेणे किंवा सपाट ट्रिगर बसवणे यावर तुमचे मत काय? बाजारात सपाट ट्रिगर पुष्कळ आहेत, एकदोन मिलिमीटर वाचतात.

पितळी_किल्ली
मंगळवार, दुपारी २:१५

मी उत्तर देतो, कारण यात माझे हात पोळले आहेत. पॉलिमरची मूठ एकदा घासली की परत येत नाही, आणि भिंत किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही. माझी एका जागी आरपार गेली. चूक माझीच होती. ट्रिगरचे भाग बदलणे त्याहून गंभीर. खाली पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आत ज्या अडसरी असतात त्यांचे ट्रिगरशी मोजूनमापून नाते असते. बनवणाऱ्याने स्वतः दिलेला भाग, जाणत्या कारागिराकडून बसवलेला, एवढेच मी मान्य करीन.

मूठच बदलायची असेल तर तशीच रचना असलेले पिस्तूल घेणे सोयीचे. सिग सॉअर पी३६५ मध्ये (२०१८) ट्रिगरची सगळी यंत्रणा एका धातूच्या पेटीत असते, आणि ती उचलून दुसऱ्या आकाराच्या मुठीत ठेवता येते. छोट्या मुठीत सुरुवात करून पुढे लांब मुठीवर जाता येते, यंत्र तेच राहते.

सांजवात
मंगळवार, संध्याकाळी ५:५०

दोन बारीकसारीक गोष्टी, पण कुणी सांगत नाही म्हणून. चांदणवेल, उजव्या हाताची नखे वाढलेली असतील तर शनिवारच्या आधी कापून घे. नख तळव्यात रुतू नये म्हणून पकड आपोआप सैल होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. अंगठी काढून ठेव. आणि काडतुसे भरायचे साधन कुणाकडून तरी मागून घे. बोटांची सगळी ताकद मॅगझिन भरण्यात गेली तर झाडताना काय उरणार?

.२२ मात्र सोडू नकोस. दर खेपेला आधी वीस गोळ्या .२२ च्या, मग ९ मिमी, आणि शेवटच्या दहा पुन्हा .२२ च्या. हात चांगल्या आठवणीवर घरी गेला पाहिजे.

चांदणवेल
शनिवार, रात्री ८:२५

मंडळी, आजचा वृत्तांत.

तिन्ही पिस्तुले झाडली. पद्धत नेमधर काकांनी सांगितली तीच, सर प्रत्येक वेळी शेजारी उभे.

पहिले तिघांतले सर्वांत छोटे. एकेक गोळीला ठीक, पण पाचाच्या फेरीत तिसऱ्या गोळीपासून मूठ जुळवावी लागली. दुसऱ्याचे माप ६८ मिमी. मारे चांगले पडले, पण मॅगझिनचे बटण दाबताना पकड पूर्ण सुटत होती. डावखुरा यांनी सांगितले नसते तर याकडे माझे लक्षच गेले नसते. तिसरे पीडीपी एफ, ४ इंची नळीचे. तिघांत आकाराने मोठे हेच. उचलताना वाटले, हे आपल्याला जड जाणार.

बोट पेराच्या मध्यावर आले, काही न वळवता. स्लाइड सांजवात ताईंच्या पद्धतीने ढकलली आणि पहिल्याच खेपेला पूर्ण मागे गेली. १० मीटरवर पाच गोळ्या, मग आणखी पाच. मारे अजूनही मध्यापासून थोडे खाली आहेत, पण डावीकडे ओढ नाही. सरांनी मॅगझिनमध्ये गुपचूप दोन डमी (न उडणारी, खोटी) काडतुसे मिसळली होती. पहिल्या डमीला नळी चांगलीच खाली गेली, म्हणजे दचकणे अजून आहे. दुसऱ्या डमीला जवळजवळ हलली नाही.

चाळीस गोळ्यांनंतर थांबले. आता हे लिहिताना अंगठा चाचपून पाहते आहे, दुखत नाही. क्लबचेच पिस्तूल आणखी दोन महिने वापरायचे आणि मग अर्ज करायचा असे ठरवले आहे.

सांजवात
शनिवार, रात्री ८:५०

वाचून डोळे भरून आले ग. नखे कापली होतीस ना?

चांदणवेल
शनिवार, रात्री ८:५३

कापली होती ताई. अंगठीही काढली होती.

नेमधर
शनिवार, रात्री ९:३०

मारे खाली का पडतात ते डमीनेच दाखवून दिले. घरी दररोज दहा मिनिटे काडतुसाविना सराव करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासलेले, समोर भक्कम भिंत. पुढच्या साइटवर (नळीच्या टोकाकडच्या नेम धरायच्या खुणेवर) नजर ठेवून ट्रिगर इतका हळू मागे आणायचा की ती साइट हलता कामा नये. क्लबचे पिस्तूल घरी आणता येत नसेल तर हेच रेंजवर, पहिल्या गोळीच्या आधी वीस वेळा. पंधरा दिवसांनी डमीची चाचणी पुन्हा घ्या आणि इथे लिहा.